लाइटवालं घड्याळ

वरच्या दादांच्या डोक्यात घड्याळाचं खूळ शिरलं तेव्हा साइटवर सगळ्यांना आधी हसूच आलं.

'वरचे दादा' हे त्यांचं साइटवरचं नाव. बांधकामावरची उंच क्रेन ते चालवायचे. सकाळी शिडीने चढून काचेच्या केबिनमध्ये बसले की संध्याकाळीच खाली यायचे, मध्ये फक्त जेवणाच्या सुट्टीत. बाकी दिवसभर खालच्यांना त्यांचा आवाज तेवढा वॉकीटॉकीवर ऐकू यायचा. आणि खाली, हुकाजवळ उभं राहून त्यांना इशारे देणारा माणूस होता त्यांचाच सख्खा धाकटा भाऊ. त्याला सगळे बारक्या म्हणत. बारक्या दादांपेक्षा चांगला वीतभर उंच आणि खांद्याने दुप्पट, पण घरातलं नाव एकदा साइटवर पोचलं ते पोचलंच.

सळ्यांचा भारा असो, शटरिंगच्या लोखंडी प्लेटा असोत की काँक्रीटची बादली, वर जाताना आणि खाली येताना बारक्याच्या हाताकडे बघून दादा क्रेन हलवायचे. मूठ आवळली की थांब, बोट फिरवलं की उचल. गेलं वर्षभर तर दादांनी साइटच्या इंजिनिअर बाईंना स्पष्टच सांगून ठेवलं होतं, "माझ्या हुकाखाली बारक्याच पाहिजे. दुसरा माणूस देणार असाल तर मी वर चढत नाही." हे ऐकल्यापासून बारक्याची छाती जरा जास्तच पुढे असायची. इतकी माणसं असताना दादाला आपलाच हात लागतो, हे काही कमी नव्हतं.

तर घड्याळ. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले होते आणि दादांनी विषय काढला.

"ती आउटडोअरची घड्याळं येतात ना, काट्यांची, आत लाइट असलेली, ती कशी असतात रे? घेण्यासारखी आहेत का?"

"लाइट कशाला?" फिटर म्हणाला. "मोबाइलला टॉर्च आहे की."

"मोबाइल खाली लॉकरमध्ये ठेवावा लागतो. वर नेऊ देत नाहीत. आणि हल्ली उतरताना अंधार पडतो."

"शिडीवर लोंबकळत किती वाजले बघणार? उतरायचा मुहूर्त काढणार का, दादा?"

सगळे हसले. फिटर आणखी रंगात आला. "मी सांगतो ऐका, निव्वळ देखावा असतो तो. जाडजूड पट्टा, चार बटणं. डोंगर चढणाऱ्यांसाठी असतात ती. तुम्ही काय डोंगर चढता?"

"रोज चढतो," दादांनी क्रेनकडे बोट दाखवलं, आणि हशा फिटरवर उलटला.

वेल्डरने मात्र मनापासून सांगितलं. त्याच्या मेहुण्याकडे तसलं घड्याळ होतं. क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं. चावी नको, चार्जिंग नको. एकदा सेल टाकला की माणूस विसरून जातो. पाण्यात पडलं, सिमेंटमध्ये पडलं, तरी ढिम्म. "वस्तू दणकट आहे," तो म्हणाला, "पण लाइटचं म्हणाल तर काजव्याएवढा."

"काजव्याएवढा म्हणजे?" दादांचा घास हातातच राहिला. "सगळी तबकडी उजळते की नुसती कड? पायाखालचं दिसेल का त्यात?"

"पायाखालचं? दादा, घड्याळ आहे ते, कंदील नव्हे!"

पुन्हा हशा. बारक्यापण हसला. दादाचं असंच होतं. कमरेचा पट्टा घ्यायचा तरी चार दुकानं आणि आठ माणसांचा सल्ला. हे घड्याळही त्यातलंच, असं त्याला वाटलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी दादांनी त्याला बरोबर घेतलं. "तू चल. तुझी नजर चांगली आहे," ते म्हणाले.

दुकान छोटंसंच होतं, पण दुकानदार गप्पिष्ट आणि आपल्या मालावर प्रेम करणारा निघाला. कपाळावर भिंग चढवलेलं, बोटं बायकांसारखी नाजूक. त्याने मखमलीच्या तुकड्यावर घड्याळं मांडली आणि एकेकाची कुंडली सांगायला घेतली. याची काच ओरखडत नाही. याचा पट्टा घामाने कुजत नाही. याच्या काट्यांना जो रंग आहे तो दिवसा उजेड पिऊन घेतो आणि अंधारात चमकतो, पण थोडा वेळच. याला कडेला इवलासा दिवा आहे, अर्धी तबकडी उजळते. आणि याची पूर्ण तबकडीच आतून पेटते.

"हे. याचा उजेड सगळ्यात जास्त ना?" दादांनी शेवटचं उचललं.

"माझ्याकडे तरी याच्यावर काही नाही."

"बघायला मिळेल?"

"म्हणजे काय! आत चला. इथे भर उजेडात काय कळणार?"

दुकानाच्या मागे त्याची मालाची खोली होती. रिकामे खोके, घड्याळांच्या छोट्या उशा, एक मोडकी खुर्ची. तिघं आत दाटीवाटीने उभे राहिले. दुकानदाराने दार लावून घेतलं, दिवा बंद केला आणि खालच्या फटीशी पायाने पायपुसणं सरकवलं. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार झाला.

"हं, आता बघा."

बटणाचा बारीक आवाज झाला आणि अंधारात निळसर हिरवी चकती उमटली. बारक्याला काटे दिसले, आकडे दिसले, घड्याळ धरलेला दुकानदाराचा अंगठाही नखासकट दिसला. वेल्डर उगीच काजव्याएवढा म्हणाला, हा तर चांगला उजेड आहे, असं त्याच्या मनात आलं.

"दाबा की," दादा म्हणाले.

चकती तशीच उजळलेली होती.

"अहो, दाबा की बटण. बघू दे."

"दाबलंय, साहेब," दुकानदार म्हणाला.

त्या हिरवट उजेडात बारक्याने दादांकडे पाहिलं. ते डोळे टक्क उघडे ठेवून समोर बघत होते. घड्याळ त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर, थोडं डावीकडे होतं. ते बघत होते ती नुसती भिंत होती.

"हां, हां! आत्ता दिसलं," दादा एकदम म्हणाले. "मघाशी माझी मान तिकडे होती."

दुकानदाराने बटणावरचं बोट काढलं. चकती विझली. पुन्हा मिट्ट काळोख.

"छान आहे," त्या काळोखात दादा बोलतच होते. "आकडे बघ कसे ठळक आहेत, बारक्या. काटासुद्धा केवढा स्पष्ट दिसतोय. नाही, वस्तू चांगली आहे. उजेड चांगला आहे."

अंधारात दुकानदाराचा श्वास ऐकू येत होता.

दुकानदाराने दार उघडलं. बाहेरच्या उजेडात तो आधी दादांकडे आणि मग बारक्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, घाई नाही. घरी विचार करा, मग या."

"विचार कसला? पॅक करा," दादा म्हणाले, आणि काउंटरकडे वळताना उंबऱ्याशी ठेवलेल्या स्टुलाला धडकले.

परतताना दिवे लागायची वेळ झाली होती. दादांनी नेहमीसारखा बारक्याच्या खांद्यावर हात टाकला. गेले कित्येक महिने संध्याकाळी साइटवरून निघताना ते असाच हात टाकायचे. बघणारे म्हणायचे, भाऊ असावेत तर असे. बारक्यालाही ते आवडायचं. आज त्या हाताचं वजन त्याला पहिल्यांदा कळलं. हात मायेने टेकलेला नव्हता, धरलेला होता. बोटं खांद्याच्या हाडात रुतलेली होती. बारक्या वळला की हात वळत होता, थांबला की थांबत होता.

बारक्याचं स्वतःच्याच पायांकडे लक्ष नव्हतं. फुटपाथ संपला तेव्हा तो तसाच खाली उतरला, आणि मागून दादांचा पाय हवेत पडला. ते कोसळलेच असते. बारक्याने दोन्ही हातांनी त्यांना सावरलं.

"काय रे, बघून चालत जा ना!" दादा खेकसले.

बघून चालत जा. बारक्याला हसू येईना आणि रडूही.

दादांच्या घरी वहिनींनी दार उघडलं. त्यांच्या मागून चिमणी धावत आली, दादांची मुलगी, दुसरीतली. तिने बाबांच्या हातातला खोका हिसकावला आणि घड्याळ काढून सरळ पांघरुणात शिरली.

"काका, केवढा उजेड आहे! मी पुस्तक वाचू शकते यात!" आतून आवाज आला.

दादा हातपाय धुवायला गेले. बारक्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. वहिनी पातेल्यात डाव फिरवत होत्या.

"वहिनी, दादाला दिसत नाही."

त्यांचा हात थांबला. बारक्याला वाटलं, त्या डाव टाकून वळतील, म्हणतील, काय बोलताय भाऊजी, वेड लागलं का? त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "पोरगी ऐकेल."

बारक्याने चौकट धरली. दुकानातल्या काळोखात बसला नव्हता एवढा हादरा त्याला त्या दोन शब्दांनी बसला.

"तुम्हाला माहीत आहे?"

"अंधारात दिसत नाही त्यांना. दिवसा दिसतं."

"कधीपासून?"

"झालं वर्ष. जास्तच."

"वर्ष!" बारक्याचा आवाज चढला आणि त्यानेच तो दाबला. "वहिनी, वर्षभर मी त्या हुकाखाली उभा आहे. माझ्या डोक्यावर लोखंड लटकत असतं."

आता त्या वळल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणूनच तर तुम्ही," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं त्यांना. म्हटलं, परका माणूस नको, भाऊजींना खाली घ्या. तुमचा हात चुकत नाही. तुम्ही दाखवाल तेवढंच ते करतील, मग काही होणार नाही."

म्हणजे ती सगळी ऐट, ते 'बारक्याच पाहिजे', ते इंजिनिअर बाईंना ठणकावून सांगणं. त्यामागे हे होतं. आपल्याला मान मिळाला असं तो समजत होता, आणि इकडे या चुलीपाशी दोघांनी बसून ठरवलं होतं की आंधळ्याची काठी कोण होईल.

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उभे राहिला असता?"

पाठीमागे दादा टॉवेलने तोंड पुसत येऊन उभे राहिले होते. किती ऐकलं कोण जाणे. सगळंच असावं.

"बस," ते म्हणाले.

"नाही बसत."

"बरं, उभ्याने ऐक. दिवसा मला दिसतं. समोरचं अगदी लख्ख दिसतं. दर वर्षी कंपनीच्या तपासणीत डॉक्टर ती अक्षरांची पाटी वाचायला लावतो ना, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो मी. खोटं नाही सांगत."

"मग काय होतंय?"

"कडेचं जातंय. म्हणजे... नळीतून बघितल्यासारखं. तुझ्याकडे बघितलं की तू दिसतोस, शेजारचं दार दिसत नाही. आणि अंधार पडला की काहीच नाही."

बारक्याच्या डोळ्यांसमोर एकदम मागच्या महिन्यातली दुपार आली. शटरिंगची प्लेट क्रेनबरोबर सरकत सरळ त्याच्या अंगावर आली होती. तो दुसरीकडे बघत होता. कोणीतरी ओरडलं, तो वळला तेव्हा प्लेट त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर येऊन थबकली होती. सगळ्या साइटने टाळ्या वाजवल्या होत्या. दादांचा हात म्हणजे सोनं, असं फिटर म्हणाला होता. त्या संध्याकाळी बारक्याने दादाला मिठीसुद्धा मारली होती.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "ती प्लेट. तू थांबवलीस ना?"

दादा टॉवेलची घडी घालायला लागले.

"दादा, तू मला पाहिलंस ना?"

"नाही," दादा म्हणाले. "घाम डोळ्यांत गेला होता. पुसायला म्हणून मी दांडा सोडला. दांडा सोडला की क्रेन थांबते. खाली काय झालं ते मला टाळ्या ऐकू आल्यावर कळलं."

वहिनींच्या हातातला डाव खाली पडला. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बारक्या न जेवता निघाला. तो जिना उतरत होता आणि मागे चिमणी विचारत होती, काका का गेला?

सकाळी तो साइटवर पोचला तेव्हा दादा आधीच वर चढलेले होते. बारक्याने ठरवलं होतं की शिडीपाशीच त्यांना अडवायचं, बाजूला घ्यायचं, शांतपणे बोलायचं. दादांनी बहुतेक तेच ओळखलं होतं.

"काय रे, घेतलं का दादांनी घड्याळ?" फिटरने गाठलंच. "कसं आहे? घेण्यासारखं असेल तर मीपण घेईन म्हणतो."

बारक्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. घड्याळ चांगलं होतं, त्यात काही खोट नव्हती. पण ते न सांगताच तो हुकाकडे चालू लागला. फिटर चमकून बाजूला झाला.

सळ्यांचा पहिला भारा बांधून तयार होता. साखळ्या हुकात अडकवल्या गेल्या. पलीकडे स्लॅबवर भारा उतरवून घ्यायला माणसं हात वर करून उभी होती. त्यांतल्या दोघांची बारक्याशी रोजची थट्टामस्करी चालायची.

"बारक्या, तयार," वॉकीटॉकीवर दादांचा आवाज आला. रोजच्यासारखाच शांत.

बारक्याने हात वर केला. बोट फिरवायचं, एवढंच काम. रोज तो ते झोपेतसुद्धा करू शकला असता. बोट फिरेना. त्याने दुसराही हात वर केला आणि दोन्ही हात डोक्यावर फुली केल्यासारखे धरले. सगळं थांबवा.

"काय झालं?" वरून आवाज.

"खाली ये, दादा."

"साखळी बघ नीट. अडकली आहे का?"

"साखळी ठीक आहे. तू खाली ये."

वॉकीटॉकी खरखरली. मग, "बारक्या, सिग्नल दे."

"देणार नाही."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. स्लॅबवरून कोणीतरी ओरडलं, काय चाललंय? सकाळी सकाळी भांडणं नकोत म्हणून सुतारांचा मुकादम पुढे आला. "हो बाजूला, मी देतो सिग्नल. घरचं भांडण घरी ठेवा," असं म्हणत त्याने बारक्याला कोपराने ढकललं आणि वर हात केला. भारा जमिनीवरून सुटला. हळूहळू उचलला गेला, डोक्याएवढा उंच गेला, आणि स्लॅबवरच्या माणसांच्या दिशेने सरकायला लागला.

बारक्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरली तेव्हा त्याला आपण काय बोलणार हेही माहीत नव्हतं.

"थांबव! दादा, थांबव! त्याला दिसत नाही! अरे कोणीतरी थांबवा, त्याला दिसत नाही!"

वॉकीटॉकी सगळ्यांकडे होत्या. सुतारांच्या मुकादमाकडे, स्लॅबवरच्यांकडे, ऑफिसात इंजिनिअर बाईंच्या टेबलावर. एकाच वेळी सगळीकडून बारक्याचा आवाज आला. त्याला दिसत नाही. भारा हवेत थबकला आणि साखळीवर सावकाश झुलत राहिला. स्लॅबवरची माणसं एकेक पाऊल मागे सरकत भिंतीला जाऊन चिकटली.

मग भारा अगदी हळुवार, कोणाच्याही सिग्नलशिवाय, होता तिथे खाली टेकला.

दादांना शिडी उतरायला बराच वेळ लागला. एकेका पायरीवर आधी पाय चाचपत ते उतरत होते. सगळी साइट वर बघत उभी होती. हे उतरणं त्या सगळ्यांनी रोज पाहिलं होतं. दादा सावकाश माणूस, घाई करत नाहीत, असंच सगळे म्हणायचे. आज ते पाय बघताना फिटरने तोंडावर हात ठेवला.

इंजिनिअर बाई धावत आल्या होत्या. "खरं आहे हे?" त्यांनी विचारलं.

दादांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. "खरं आहे, मॅडम."

बाईंनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या स्लॅबकडे, मग भाऱ्याकडे बघत राहिल्या. "रोज मी स्वतः त्या हुकाखालून जाते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि क्रेनची किल्ली मागून घेतली.

दादा बारक्याच्या शेजारून गेले. थांबले नाहीत. त्यांनी खांद्यावर हातही टाकला नाही. गेटपर्यंत ते एकटे चालत गेले, आणि वाटेत पडलेल्या पाइपाला अडखळले तेव्हा धरायला कोणी पुढे झालं नाही. बारक्यासुद्धा नाही.

कंपनीने दादांना काढून टाकलं नाही. बाई त्यांच्यासाठी भांडल्या असं नंतर कळलं. क्रेन मात्र कायमची गेली, आणि डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊन कागद आणल्याशिवाय दुसरं काम नाही असं ठरलं. दादा जायला तयार होईनात. वहिनींनी समजावलं, बाईंनी फोन केले. दादांचं एकच, बघू. बारक्याशी तर त्यांचं बोलणंच बंद होतं.

शेवटी वहिनीच बारक्याच्या खोलीवर आल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्याशी बोलू नका हवं तर. पण त्यांना घेऊन जा. ते का जात नाहीत ते मला काल सांगितलं त्यांनी."

"का?"

"तुमचे मामा. तुम्ही लहान होता, तुम्हाला आठवत नसतील. त्यांचंही असंच झालं होतं म्हणे. आधी रात्रीचं गेलं, मग कडेचं, मग सगळं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "डॉक्टर म्हणणार, घरातल्या सगळ्यांना तपासा. चिमणीला आणा. ते यांना ऐकायचं नाही. स्वतःला त्या रोगाचं नाव चिकटेल याची भीती नाही त्यांना. पोरीला चिकटेल याची आहे."

वर्षभर दादाने नोकरीसाठी तोंड शिवून घेतलं असं बारक्या धरून चालला होता आणि मनातल्या मनात शिव्या घालत होता. पोरीचा विचार त्याला शिवलाही नव्हता. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या डोक्यात आत्ता आली. मामा त्याचेही मामाच होते.

बारक्याने रिक्षा दारात आणली, चिमणीला आत बसवलं, तेव्हा कुठे दादा मागून येऊन बसले. चौघं मिळून गेले. डोळ्यांच्या दवाखान्यात दिवस गेला. थेंब, यंत्रं, काळोख्या खोल्या, इकडे बघा, तिकडे बघू नका, ठिपका दिसला की बटण दाबा. मग बारक्याची पाळी आली. एकेक ठिपका दिसायचा आणि त्याला वाटायचं, मधला एखादा आपण सोडला. आपल्याला न दिसलेलं आपल्याला कसं कळणार?

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या. दादांच्या डोळ्यांच्या आतला पडदा कडेने मरत चालला होता. त्यावर आज तरी खात्रीचा इलाज नाही. मधली नजर किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही. बारक्याचे डोळे स्वच्छ होते. चिमणीचे आज तरी चांगले होते. दर वर्षी आणायचं.

"आज तरी?" दादांनी विचारलं.

"आज तरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यापेक्षा जास्त मी बोलले तर ते खोटं असेल."

दादा बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून हमसाहमशी रडले. आईच्या मयतीलाही ते रडले नव्हते. चिमणी थेंबांनी मोठे झालेले डोळे किलकिले करून आईला विचारत होती, बाबांना दुखतंय का?

वहिनी तिला पाणी पाजायला घेऊन गेल्या. बारक्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"वर आता कोण आहे?" दादांनी विचारलं. इतक्या दिवसांत बारक्याशी त्यांचं हे पहिलं वाक्य.

"नवीन आहे एक."

"हात कसा आहे?"

"घाई करतो, म्हणतात."

"म्हणतात? तू खाली असतोस ना?"

बारक्याने नकारार्थी मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं की तो दादाच्या बाजूला बसलाय, समोर नाही. दादाला मान दिसली नसणार.

"नाही, दादा," तो म्हणाला. "मी आता हुकाखाली उभा राहत नाही. राहून बघितलं. भारा उचलला की माझे हात कापतात. बाईंनी मला स्टोअरला टाकलंय."

दादांनी सगळं अंग वळवून त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे तो नीट दिसावा. त्यांच्या तोंडाचा आ झाला होता. प्लेटची गोष्ट ऐकून बारक्याचं जे झालं होतं तेच आता त्यांचं झालं असावं. ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात आतून नर्सने त्यांचं नाव पुकारलं. अजून एक तपासणी राहिली होती. ते उठले आणि दार कुठल्या बाजूला आहे ते शोधत उभे राहिले.

"उजवीकडे," बारक्या म्हणाला. "चार पावलं. मग एक पायरी आहे."